शुक्रजंतूंची मोजदाद आणि आतला खलिता

लग्नाला चार वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की दोष सुनेच्या पदरी बांधायचा, ही आपल्याकडची जुनी चाल. ‘वांझ’ म्हणून हिणवायचे ते स्त्रीलाच. गर्भ राहून गळाला, तरी बोट तिच्याकडेच. या चालीला शास्त्राचा आधार कितपत आहे, हे पाहायचे तर पुरुषबीजाच्या अभ्यासाचा इतिहास चाळला पाहिजे.

१६७७ साली हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी लेव्हेनहुक याने वीर्याचा थेंब भिंगाखाली पाहिला. त्यात शेपटी हलवीत धावणारे असंख्य जीव त्याला आढळले, आणि त्याने ते लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविले. परंतु या जीवांचे कार्य काय, हे ठरावयास जवळजवळ दीडशे वर्षे लागली. १८२४ साली प्रेव्हो आणि द्युमा यांनी बेडकाचे वीर्य गाळून दाखविले, की शुक्रजंतू गाळणीत अडकले म्हणजे उरलेल्या पाण्याने अंडी फळत नाहीत. पुढे १८७६ साली ऑस्कर हेर्टविख या जर्मन शास्त्रज्ञाने एका काटेरी सागरी प्राण्याच्या अंड्यात शुक्रजंतूचे केंद्रक अंड्याच्या केंद्रकाशी एकरूप होते, असे सिद्ध केले. त्याच सुमारास बाझल येथे मीशर हा ऱ्हाइन नदीतल्या सॅल्मन माशांच्या शुक्रजंतूंची डोकी तपासत होता. १८६९ साली त्यानेच शोधलेले ‘न्यूक्लेईन’, म्हणजे आजचे डी.एन.ए., त्यांत ठासून भरलेले होते.

मग १९११ साली हेर्टविखने एक विलक्षण प्रयोग केला. बेडकाच्या शुक्रजंतूंवर त्याने रेडियमचे किरण सोडले. जंतू पोहत राहिले, अंड्यांत शिरले. पण त्यांपासून वाढणारे गर्भ व्यंग घेऊन निघाले आणि मेले. जासूद घोडा दौडवीत वेळेवर पोचावा, आणि थैलीतल्या खलित्याची अक्षरे मात्र पुसून गेलेली असावीत, तसाच हा प्रकार!

वैद्यकाने मात्र पुढेही बराच काळ जासूदच मोजले. १९५१ साली न्यूयॉर्कच्या मॅक्लाउडने बाप झालेल्या एक हजार पुरुषांची आणि निपुत्रिक जोडप्यांतील एक हजार पुरुषांची तुलना केली. मिलिलिटरला दोन कोटी ही मर्यादा त्यातून रूढ झाली. गंमत अशी, की प्राणवायूच्या अतिरेकाने शुक्रजंतू निकामी होतात, हेही याच मॅक्लाउडने १९४३ सालीच नोंदवून ठेवले होते.

थैली उघडली ती १९८० साली. अमेरिकेतील एव्हेनसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शुक्रजंतूंना उष्णता देऊन त्यांवर एक रंगद्रव्य चढविले. डी.एन.ए. शाबूत असेल तर जंतू हिरवा चमके, त्याचे दोर सुटले असतील तर तांबडा. ज्यांची प्रजननशक्ती उणी होती, त्यांच्यात तांबड्यांचे प्रमाण अधिक निघाले.

हे दोर तुटतात कसे? शुक्रजंतू घडताना त्याचा डी.एन.ए. प्रोटामीन या प्रथिनांच्या साहाय्याने अतिशय घट्ट बांधला जातो. ही बांधणी ढिली राहिली, तर क्रियाशील प्राणवायूचा मारा थेट आत पोचतो. शिवाय घडणीच्या अखेरीस शुक्रजंतू आपली दुरुस्तीची सामग्री गमावून बसतो. धूम्रपान, तीव्र ताप, जंतुसंसर्ग, वृषणाच्या फुगलेल्या शिरा आणि वाढते वय ही कारणे या हानीला हातभार लावतात. स्त्रीबीज काही मोडतोड सांधून घेते, पण त्या शक्तीलाही मर्यादा आहे. आणि स्त्रीचे वय वाढते तशी तीही उणावते.

१९९२ साली ब्रसेल्स येथे एकच शुक्रजंतू सुईने स्त्रीबीजात सोडून गर्भधारणा घडविण्यात आली, हे जाहीर झाले. आता पोहण्याची गरजच उरली नाही. आतल्या मजकुराचे महत्त्व मात्र तेवढेच राहिले.

तथापि या चाचणीचा निकाल म्हणजे ब्रह्मलिखित नव्हे. हानी अधिक असूनही पुष्कळांना मुले होतात. म्हणूनच अमेरिकेतील तज्ज्ञसंस्थांनी २०२० साली पहिल्याच तपासणीत ती करू नये, असे सांगितले. पण वारंवार गर्भपात होत असल्यास पुरुषाचीही ही तपासणी करावी, अशी शिफारस केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या नियमपुस्तकातही तिला विस्तारित तपासण्यांत स्थान मिळाले. दिलासा असा, की नवे शुक्रजंतू तयार होऊन बाहेर पडण्यास सुमारे तीन महिने लागतात. तेव्हा आज सोडलेल्या विडीचे फळ पुढच्या खेपेस दिसण्यास वाव आहे.

तेव्हा श्रोतेहो, गर्भ राहिला म्हणजे पुरुषाचे काम निर्दोष झाले, हा समज टिकत नाही. पुढे गळालेल्या गर्भाचे कारण कधी कधी पित्याच्या बीजातही असू शकते. दवाखान्याची पायरी दोघांनी मिळून चढावी, आणि ‘वांझ’ हा शब्द घरातून कायमचा हद्दपार करावा, एवढा धडा या इतिहासातून घेतला तरी पुष्कळ झाले.