पायाला बांधलेली दोरी

आज जठारपेठ अकोल्याच्या ऐन गर्दीत आहे. माझ्या लहानपणी मात्र आमच्या घराच्या मागं उभं राहिलं की उमरीच्या बाजूची वावरं दिसायची. वडिलांची तिकडं सहा एकर काळी जमीन होती. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडायच्या की हातभर काठी आत जाई. त्या भेगांत काय राहतं हे पोरासोरांनाही ठाऊक होतं; पण त्याचं नाव घ्यायची रात्री बंदी होती. कोणी चुकून घेतलंच तर आजी म्हणायची, "लांबडं म्हन बे." कुणाला दंश झाला तर 'साप चावला' असं न म्हणता 'पान लागलं' म्हणत.

आमच्या सालदाराला आम्ही मामा म्हणायचो. जागलीला जाताना ते मला सोबत नेत. त्यांच्या काठीच्या टोकाला लोखंडी कडं होतं. धुऱ्यावरून चालताना दर दोन पावलांनी ते काठी जमिनीवर हाणायचे. "त्याले आपल्यासारखं आयकू येत नाई, पन जमिनीतून समजते," असं सांगायचे. कुटाराच्या ढिगात हात घालण्याआधी ढीग काठीनं झोडपायचा, पऱ्हाटीचा भारा उचलण्याआधी पायानं उलटायचा, पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकायचं नाही, खाटेवरच झोपायचं. हे नियम त्यांना कोणी लिहून दिलेले नव्हते. मोठेपणी वाचलं तेव्हा कळलं की मामांचा एकही नियम खोटा नव्हता. सापाला जमिनीचा हादरा खरोखरच कळतो. आणि मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसालाच चावतो. दंश इतका बारीक असतो की कधी झोपही मोडत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरचे म्हणतात, रात्रीचं जेवण बाधलं.

पण पान लागलंच तर पुढं काय, या प्रश्नाला मामांकडं एकच उत्तर होतं : देवळात न्यायचं, उतारा करायचा. आमच्या गल्लीतल्या एका बाईला रात्रभर देवळाच्या ओट्यावर बसवून कडुलिंबाचा पाला चारल्याचं मला आठवतं. पाला कडू लागला नाही म्हणजे विष चढलं, अशी परीक्षा होती. सकाळी तिला घरी आणलं ते चौघांनी.

म्हणून शाळेत बालवीर पथक सुरू झालं तेव्हा मला वाटलं, आता खरं ज्ञान मिळणार. आमचे कवायतीचे सर अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकून आलेले. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये काढलेली ती संस्था. तिथल्या मुलांनी १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन मल्लखांब आणि लेझीम दाखवल्याची गोष्ट सर इतक्या वेळा सांगायचे की आम्हीच जाऊन आल्यासारखं वाटे. धावणं, दोरावर चढणं, तंबू ठोकणं त्यांच्याकडून शिकलो. प्रथमोपचार मात्र पुस्तकातून. त्या काळी सगळ्याच पुस्तकांत सर्पदंशावर हेच छापलेलं असे : दंशाच्या वर दोरी आवळून बांधा, ब्लेडनं चीर द्या, रक्त वाहू द्या, पोटॅशियम परमँगनेट भरा. मला हे तोंडपाठ होतं. प्रथमोपचाराच्या स्पर्धेत माझा पहिला नंबर आला होता.

१९७४ च्या दिवाळीनंतर आमची सहल नरनाळ्याला निघाली. मीटरगेजच्या गाडीनं अकोट, तिथून एसटी, आणि शहानूरपासून पायी. मी नववीत आणि माझा चुलतभाऊ दहावीत. तो मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो. वाट दाखवायला शहानूरचे एक म्हातारे कोरकू बाबा होते. आम्ही तीन दरवाजे ओलांडून वर गेलो, महाकाली दरवाजावरचं कोरीव काम पाहिलं, नऊगजी तोफेवर बसायला भांडलो. मग शक्कर तलावाच्या अंगाला जेवायला थांबलो. चुलीसाठी दगड आणायला दादा पडक्या भिंतीकडं गेला आणि एक दगड हातानं न उलटता पायानंच सारला. पायात चप्पल. करवत घासावी तसा खर्रखर्र आवाज मलाही ऐकू आला. फुरसं होतं. वीतभर लांब असेल, जास्त नाही.

पुढची दोन मिनिटं मी फार हुशारीनं वागलो. गळ्यातली शिट्टीची दोरी काढली, दादाच्या घोट्याच्या वर गुंडाळली आणि काडी घालून पिळली, पुस्तकात चित्र होतं तशी. ब्लेडनं चीर दिली. दादा ओरडला नाही, माझ्याकडं बघत राहिला. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

बाबा मात्र म्हणाले, "चालवू नका त्याला. चालला की जहर चढते. खाट आणा." दोन पोरं खाली गावात पळाली. तोवर बाबांनी दादाला आडवं केलं, पाय हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना काठ्या ठेवून फेट्यानं सैल बांधला. तोंडानं काहीबाही पुटपुटतही होते, पण त्यासाठी त्यांनी कुणाला एक क्षणही थांबवलं नाही. दोरीकडं बोट दाखवून म्हणाले, "हे एवढं कशाला?" मीच उत्तर दिलं, "बाबा, शास्त्र आहे ते."

खाटेवरून शहानूर, तिथून लाकडाच्या ट्रकनं अकोट. पहिल्या दवाखान्यात लस नव्हती. अकोल्याला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मी दिलेली चीर अजून वाहत होती, आणि दादाच्या हिरड्यांतूनही रक्त येत होतं. डॉक्टरांनी थोडं रक्त काचेच्या नळीत घेऊन नळी उभी ठेवली. वीस मिनिटांनी तिरपी केली, तर रक्त पाण्यासारखं हललं, गोठलंच नव्हतं. परडीचं किंवा फुरशाचं विष अंगात पसरलं की असं होतं. अशा माणसाला आपण चीर देतो म्हणजे काय करतो, हे त्या नळीकडं बघताना मला पहिल्यांदा कळलं.

त्यांनी लस सुरू केली आणि मगच दोरी हळूहळू सैल केली. पायाचा रंग बघून विचारलं, "कोणी बांधली? किती वाजता?" कोणी बांधली याला कुणी उत्तर दिलं नाही. सात तास झाले होते. डॉक्टर काकांना म्हणाले, "एवढ्याशा फुरशानं पाय गेला नसता. दोरीनं नेला." सव्वा महिन्यानं दादा घरी आला तेव्हा उजव्या पायाची बोटं आणि पुढचा चवडा नव्हता.

नंतर मी शिक्षक झालो, आणि एका गोष्टीच्या मागं लागलो : ते पुस्तकातलं शास्त्र आलं कुठून? शोधता शोधता गेल्या शतकाच्या सुरुवातीला जाऊन पोचलो. हिंदुस्थानातल्या विषारी सापांवर १८७२ मध्ये मोठा ग्रंथ काढणारे सर जोसेफ फेअरर, त्यांच्याबरोबर ब्रंटन आणि रॉजर्स, या तिघांनी १९०४ मध्ये एक लहानसं हत्यार सुचवलं. त्याच्या एका टोकाला पातं, दुसऱ्या टोकाच्या पोकळीत परमँगनेटचे खडे. खेड्यापाड्यांत डॉक्टर नाही, लस नाही. निदान हे तरी असावं, असा त्यांचा हेतू. माणसं प्रामाणिक होती. पण नळीत विषावर चालणारं औषध मांसात शिरलेल्या विषावर चालत नाही, उलट मांस जाळतं. फ्रान्समध्ये काल्मेतनं १८९० च्या दशकातच विषावरची लस तयार केली होती. पुढं मुंबईच्या हाफकिन संस्थेत आपल्या नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एकच लस होऊ लागली. औषध आलं, तरी पातं आणि दोरी पुस्तकांतून गेली नाहीत. एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत उतरत ती १९७४ मध्ये जठारपेठेतल्या एका नववीच्या पोराच्या हातात आली. देवळाच्या ओट्यावरचा पाला आणि माझी दोरी यांत मला तेव्हा जमीन-अस्मानाचा फरक वाटायचा. आता वाटत नाही.

याच शोधात डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं काम वाचनात आलं. नागपूरला शिकलेला हा डॉक्टर १९७६ मध्ये महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात गेला. लाल विंचू चावलेली पोरं तिथं हातात मरत होती. ते रात्र रात्र रोग्याच्या उशाशी बसले, नाडी आणि छातीचे ठोके लिहून ठेवले, आणि रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची गोळी या विषावर लागू पडते हे दाखवून दिलं. लंडनच्या 'लॅन्सेट'नं ते छापलं. पुस्तकात काय आहे यापेक्षा समोरच्या माणसाला काय होतंय ते त्यांनी पाहिलं. आमच्या कोरकू बाबांनीही तेवढंच केलं होतं. धावत सुटलेली माणसं लवकर दगावतात हे त्यांनी पाहिलं होतं, म्हणून खाट मागितली.

आज डॉक्टर जे सांगतात ते बाबांच्या बोलण्याच्या फार जवळ आहे. माणसाला धीर द्या, आडवं करा. जोडवी, तोरड्या, अंगठ्या, बूट काढा, कारण सूज येणार. हात किंवा पाय फळीला सैल बांधून हलू देऊ नका. दोरी नको, चीर नको, तोंडानं चोखणं नको. साप मारून आणायची गरज नाही. किती वाजता चावला ते लक्षात ठेवा, १०८ ला फोन करा आणि जिथं लस आहे तिथंच न्या. निघायच्या आधी फोन करून विचारा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं. २०२० मध्ये छापलेल्या एका अभ्यासानं भारतात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं यानं जातात असा अंदाज मांडला. ही बहुतेक खेड्यातली माणसं, पेरणीच्या आणि निंदणीच्या दिवसांत, वावरात किंवा घराच्या उंबऱ्याशी गेलेली. गड चढणारे त्यांत थोडेच.

श्रावणात अकोल्याची पोरं गांधीग्रामला जातात, पूर्णेचं पाणी कावडीत भरतात आणि सुमारे १८ किलोमीटर अनवाणी चालून राजराजेश्वराला आणतात. वाटेत रात्र असते, कडेला गवत माजलेलं असतं. त्याआधीच्या रविवारी आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या पोरांना मी अर्धा तास बसवतो. बॅटरी, काठी, रस्त्याच्या मधून चालणं, आणि पान लागलं तर काय. दादा दरवर्षी येतो. बोलत नाही. माझं झालं की जोडा काढून पाय पुढं करतो. पोरं गप्प होतात. मग कोणीतरी विचारतंच, "काका, दोरी कोनं बांधली होती?"

दादा हसून म्हणतो, "होता एक बालवीर."

किती वर्षं त्यानं हेच उत्तर दिलं आणि मी खाली बघत राहिलो. काकू वारली, तिलाही त्यानं सांगितलं नव्हतं. यंदाच्या श्रावणात त्यानं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "मी बांधली होती. मला पहिला नंबर मिळाला होता." पोरं माझ्याकडं बघायला लागली. दादा खाली वाकून जोडा घालत होता. मान वर न करता म्हणाला, "बरं, आता त्याईले खाट कशी उचलाची ते दाखव."