ऋणवसुलीची मर्यादा : येडशीच्या इतिहासातून

ऋणी मनुष्यास प्रव्रज्या देऊ नये, असा विनयपिटकातील महावग्गाचा नियम आहे. संघाच्या आश्रयाने ऋण चुकविता येत नाही, हा त्याचा आशय. परंतु धनकोचा हक्क ऋणकोच्या मालमत्तेपुरताच, की त्याच्या देहावरही?

येडशी निजामाच्या राज्यात होती, तर शेजारची बार्शी इंग्रजी अमलातील सोलापूर जिल्ह्यात. १८७५ च्या दंग्यांनंतर दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी झालेला १८७९ चा कायदा सोलापुरास लागू होता. त्यान्वये न्यायालय कर्जखतामागील सारा हिशेब तपाशी, आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास कैद करता येत नसे. हे संरक्षण येडशीपर्यंत पोहोचत नव्हते. निजामाच्या राज्यात कर्जापोटी मनुष्य राबविण्याच्या ‘भगेला’ करारांवर १९३६ मध्ये निर्बंध आले.

आज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० अन्वये आवश्यक वस्त्रे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे, शेतीची अवजारे व बियाणे जप्त करता येत नाहीत. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीचे कर्जच रद्द केले. प्रामाणिक असमर्थतेसाठी ऋणकोस तुरुंगात धाडता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये दिला.

ऋण फेडलेच पाहिजे. परंतु हातचे हत्यार आणि देहाचे स्वातंत्र्य हिरावल्यावर ते फेडणार कोण?