तालीम, मैदान आणि महाविद्यालय

आमच्या पालमकडची जमीन काळी. कापसाला चांगली, आखाड्याला नाही. तालमीच्या हौदात घालायला तांबडी माती बाहेरून आणावी लागे. मग तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू मुरवत. माझ्या बरोबरीचा एक मल्ल कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी पुस्तके सोडून कोल्हापूरला गेला आणि गुडघा दुखावून परतला. जाताना वस्तादांनी त्याला बजावले होते, “दोन्ही होत नसतं बाबा, एक काय ते धर.” एकच का धरायचे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे.

त्याचे उत्तर शोधताना कोल्हापूर टाळता येत नाही. 1902 च्या युरोप दौऱ्यात राजर्षी शाहू महाराजांनी रोमचे कलोसियम पाहिले आणि 1912 मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. मध्यभागी खोलगट आखाडा, भोवती चढत जाणारी बैठक. मध्ये एकही खांब नाही. सरावाला मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी अशा तालमी. म्हणजे सराव आणि स्पर्धा या दोन्हींची सोय एका शहरात होती. शिक्षणासाठी शेजारीच राजाराम महाविद्यालय होते. पण त्याची वाट वेगळी होती.

या वाटा एकत्र आल्या त्या खाशाबा जाधवांच्या रूपाने. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा राजाराम महाविद्यालयात शिकत होता. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला तो गेला तो कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. कुस्ती मात्र गादीवर होती. मातीत चीतपट झाल्याशिवाय निकाल नाही. गादीवर घड्याळ आणि पंचांचा हिशेब. मातीत वाढलेला हा मल्ल तिथे सहावा आला.

पुढचा तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि मल्लांचा राजाश्रय आटला. 1952 मध्ये हेलसिंकीला जायचे तर पैसा कुठून आणायचा? गावाने वर्गणी काढली आणि प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, पण तिच्यातली उणीव पाहत नाही. राजा गेल्यावर त्याच्या जागी संस्था यायला हवी होती. आला तो एक माणूस. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने 2024 मध्ये केवळ कुस्तीच्या सरावासाठी स्वतंत्र इमारत उघडली. तिथे मल्ल हा विद्यार्थीच असतो; त्याला दोहोंतून एक निवडावे लागत नाही.

आमच्या मराठवाड्याला तर याहून उशीर झाला. 1948 पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया, आणि तिथली भाषा उर्दू. औरंगाबादला विद्यापीठ आले 1958 मध्ये. तीनच वर्षांनी, 1961 मध्ये, पहिली ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा त्याच शहरात झाली आणि दिनकर दह्यारी विजयी झाले. गदा आणि पदवी एकाच गावात, पण एकमेकींना अनोळखी. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनाही मोठे व्हायला कोल्हापूरच गाठावे लागले.

आता परभणीला कृषी विद्यापीठ आहे, नांदेडला 1994 पासून विद्यापीठ आहे. त्यांच्या आवारात एका छपराखाली मातीचा हौद आणि शेजारी गादी असावी, दुखापत पाहणारा जाणकार असावा आणि मल्लाची हजेरी वर्गातही लागावी. मागणी एवढीच.

माझा तो मित्र आजही जत्रेत नारळावरच्या कुस्त्या लावतो. जिंकलेल्या पोराला नारळ देताना तो हमखास विचारतो, “कितवीला आहेस?”