कोतवालांचं कोठार आणि आपला कमेंट बॉक्स

कर्जत लोकलमध्ये बसून ऐकत असाल, तर नेरळ आलं की खिडकीबाहेर बघा. वर माथेरानचा डोंगर दिसेल. आजची गोष्ट तिथून निघते आणि इर्शाळवाडीला पोचते. प्रश्न एकच आहे: ज्यांना मदत करायची इच्छा आहे, त्यांच्यापर्यंत एखाद्या संस्थेनं पोचायचं कसं?

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे आपले भाई कोतवाल. जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरानच्या नाभिक कुटुंबात. वकिली शिकले, माथेरानचे उपनगराध्यक्ष झाले. पण डोंगराखालचे शेतकरी आणि आदिवासी पावसाळ्यात खावटीसाठी सावकाराकडे हात पसरतात, हे त्यांना दिसत होतं. म्हणून त्यांनी धान्याची कोठारं काढली, शाळा सुरू केल्या.

आता विचार करा, धान्यकोठार चालवायचं तर काय माहीत हवं? कुणाच्या घरातली कणगी कधी रिकामी होते, कोण किती परत करू शकतो, गावात कुणाच्या शब्दाला वजन आहे. हे कळायला ओसरीवर बसून ऐकावंच लागतं. १९४२ला कोतवाल भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्यानं सप्टेंबर ते नोव्हेंबर विजेचे मनोरे पाडून मुंबईचा पुरवठा तोडला. तेव्हा रानात त्यांना साथ दिली ती याच माणसांनी. २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील शहीद झाले. कोतवाल फक्त ३० वर्षांचे होते. मला यातून एवढंच कळतं, की मदतीची हाक त्यांनी नंतर दिली. ऐकण्याचं काम आधीच झालं होतं.

आता ८० वर्षं पुढे येऊ. १९ जुलै २०२३ची रात्र, खालापूर तालुका, इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकर समाजाची इर्शाळवाडी. दरड कोसळली. वाडीला रस्ता नाही, डोंगर चढूनच जायचं. जेसीबी वर नेता येईना, खराब हवामानात हेलिकॉप्टर उडेना. फोनाफोनी झाली आणि खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारखे गिर्यारोहक लवकर पोचले, कारण त्यांना वाट पाठ होती. चार दिवसांनी शोध थांबला: २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता.

पुढे काय झालं ते आठवतंय ना? प्रत्येक ग्रुपवर तोच फोटो, तेच आवाहन. मदतही आली आणि गर्दीही. शेवटी प्रशासनाला तिथे जमावबंदी लावावी लागली. गुगल ट्रेंड्सवर ‘इर्शाळवाडी’ टाकून बघा. रेघ जुलै २०२३मध्ये सुळक्यासारखी वर जाते आणि मग धपकन खाली. पण वाचलेली कुटुंबं पुढचा पावसाळाही कंटेनरच्या तात्पुरत्या घरांतच होती. लोकांचं लक्ष काही आठवडे टिकलं, गरज मात्र वर्षभर उरली.

इथे सोशल मीडियाचा अभ्यास कामाला येतो. नाव मोठं आहे, पण काम वहीवर होतं. आम्ही काही मित्रांनी एका छोट्या संस्थेसाठी केलं होतं. सगळ्यांना दिसणाऱ्या जुन्या पोस्टखालच्या कमेंट वाचल्या आणि वहीत चार रकाने आखले: हळहळ, प्रश्न, शंका, ‘मी येतो’. हळहळीचा रकाना भराभर भरला. पण खरा माल बाकीच्या तिनात होता. पैसे नेमके कुठे जातात? कपडे चालतील का? रविवारी येऊन काय करता येईल? लोक विचारत होते आणि उत्तर कुणीच दिलं नव्हतं. संस्था आपली पुढचा फोटो टाकून मोकळी.

दुसरी गोष्ट, आपली माणसं आधीच कुठे जमतात ते शोधा. कर्जत-खालापूरशी नातं असलेले कोण? गडांवर येणारे ट्रेकर, फार्महाऊसवाले, रोज लोकलनं जाणारे, एक्सप्रेसवेवरच्या अपघातात धावून जाणारे व्हॉट्सअ‍ॅप गट. या सगळ्यांना एकच मेसेज कसा चालेल? ट्रेकरला वाटेची माहिती आणि दोरांचं काम सांगा, नोकरदाराला दरमहा छोट्या रकमेचा हिशोब दाखवा. एकच आवाहन दोन तऱ्हेनं लिहा, दोन वेगळ्या दिवशी टाका. लाइक मोजू नका. किती जणांनी फोन केला आणि किती जण तीन महिन्यांनी टिकले, ते मोजा.

आणि एक पथ्य. बंद ग्रुपमध्ये गुपचूप शिरून लोकांचं बोलणं उचलायचं नाही. विचारून घ्या. रडणाऱ्या पोराचा चेहरा टाकला की शेअर वाढतात, हे खरंय. पण तो चेहरा त्या पोराचा आहे, तुमच्या मोहिमेचा नाही. कोतवाल ओसरीवर बसायचे तेव्हा समोरच्याला माहीत असायचं, की कोण ऐकतंय आणि कशासाठी.

जाता जाता एक सांगतो. इर्शाळवाडी दरडीच्या धोक्याच्या यादीत नव्हती, असं सरकारनंच तेव्हा विधिमंडळात सांगितलं. अशा वाड्या आपल्या डोंगरांवर अजून आहेत. त्यांना माणसं हवीत ती आत्ता, पाऊस नसताना. पर्यायी जागा, रस्ता, रात्री चालू राहणारा फोन यांचा पाठपुरावा करणारी. तुमची संस्था असेल, तर आज नवी पोस्ट टाकू नका. गेल्या वर्षीच्या पोस्टखाली जा आणि ज्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, त्यांना उत्तर द्या. पुढचा समर्थक बहुतेक तिथेच वाट बघत बसलाय.

भेटू पुढच्या भागात!