दारात मर्सिडीज

"मर्सिडीज घेतली," असं दामूने घरी फोन करून कळवलं होतं. त्यामुळे आम्ही आळीत शिरलो, तेव्हा निम्मी आळी बरे कपडे घालून दारात उभी! आला तो मात्र ट्रॅक्टरला जोडलेला, गंजलेला मालट्रक. लोकांची तोंडं बघण्यासारखी झाली.

पण दामू खोटं बोलला नव्हता. १९५४ साली टाटांच्या टेल्कोने जर्मनीच्या डेमलर-बेंझशी १५ वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला हे ट्रक बनू लागले. नाकावर चक्क मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा! १९६९ साली करार संपला. तारा गेला, 'टी' आला.

कऱ्हाडच्या भंगारवाल्यापासून साताऱ्यापर्यंत स्टिअरिंगवर मी होतो. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला जोर नाही. म्हणून दोराऐवजी लोखंडी दांडा लावलेला. नाहीतर उतारावर मी ट्रॅक्टरच्या आधी साताऱ्यात पोचलो असतो!

दामूचे वडील असलाच ट्रक घेऊन कोयनेच्या धरणावर सिमेंट वाहायचे. म्हातारी आई भाकरतुकडा घेऊन बाहेर आली. ट्रकवरून ओवाळून टाकला, ताऱ्यावरची धूळ पदराने पुसली आणि म्हणाली,

"हॉर्न वाजतो का रे? कोपऱ्यावर हॉर्न ऐकला, की मी भाकरी तव्यावर टाकायची."

हॉर्न नव्हता. बॅटरीही नव्हती. दामूने इंजिनाच्या सामानाची लांबलचक यादी मुकाट्याने खिशात घातली.

तेव्हापासून आम्ही दोघे जुन्या बाजारात हॉर्न शोधत हिंडतोय. इंजिनाचं मागाहून बघू!