गालाला बोट समजणारा फोन

मागच्या महिन्यात आईशी चांगलंच वाजलं. "बोलता बोलता फोन कापतोस तू. कामात असशील तर सरळ सांगत जा ना!" असं तिचं म्हणणं. मी कधीच कापला नव्हता. पण दोन आठवडे ती फोन करायचीच बंद झाली, तेव्हा जरा लागलं मनाला. शेवटी घरी जाऊन तिचा फोन हातात घेतला आणि गुन्हेगार सापडला. नवीन लावून घेतलेल्या टेम्पर्ड ग्लासच्या काळ्या काठाखाली प्रॉक्सिमिटी सेन्सर गाडला गेला होता. म्हणजे फोन कापत होता तो आईचाच गाल!

आता हा सेन्सर लागतोच कशाला? जुन्या काळ्या फोनचा रिसीव्हर उचलला की लाईन सुरू, ठेवला की बंद. फ्लिपचा फोन मिटला की काम झालं. बटणांच्या फोनवर गाल टेकला तरी सहसा बिघडत नसे. टच स्क्रीन तेव्हाही होते. आयबीएमचा सायमन १९९४ सालीच विक्रीला आला होता. पण पामसारख्या फोनचे ते स्क्रीन दाब ओळखायचे, म्हणून स्टायलसने टोचावं लागायचं. नंतर आलेला कपॅसिटिव्ह स्क्रीन दाब नाही, त्वचेचा विद्युत परिणाम ओळखतो. त्याच्या लेखी बोट काय नि गाल काय, सारखंच.

९ जानेवारी २००७. (मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो, हे सगळं नंतर यूट्यूबवर पाहिलेलं.) सॅन फ्रान्सिस्कोच्या मंचावर स्टीव्ह जॉब्सने आयफोन दाखवला. त्यात त्याने प्रॉक्सिमिटी सेन्सरचा खास उल्लेख केला. फोन कानाला लावला की स्क्रीन आणि टच दोन्ही बंद, त्यामुळे बॅटरी वाचते आणि चेहऱ्याने भलतंच काही दाबलं जात नाही.

आतली युक्ती साधी आहे. एक छोटा एलईडी डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडतो आणि शेजारचा फोटोडायोड किती प्रकाश परत आला ते मोजतो. भरपूर आला तर 'जवळ', कमी आला तर 'लांब'. मात्र सीमारेषा एकच ठेवली तर फोन जरा हलला की स्क्रीन लुकलुकत बसेल. म्हणून दोन रेषा ठेवतात: विझायला एक, पुन्हा उजळायला दुसरी.

खरी गोम त्या दोन आकड्यांत आहे. काळे केस कमी प्रकाश परत पाठवतात, म्हणजे कान जवळ असून फोनला 'लांब' वाटू शकतो. उलट तेलकट काचेवरूनच प्रकाश परतला तर फोनला सगळं 'जवळ' वाटतं. मग स्क्रीन काळाच राहतो आणि बँकेची बाई "दोन दाबा" म्हणत राहते!

ॲपललाही हे जड गेलं. २०१० च्या आयफोन ४ मध्ये गालाने कॉल म्यूट होतात, कटतात अशा तक्रारी आल्या. १६ जुलैच्या अँटेनावाल्या गाजलेल्या पत्रकार परिषदेत जॉब्सने हाही दोष मान्य केला. सप्टेंबरमध्ये आयओएस ४.१ आली तेव्हा तो सुधारला. म्हणजे दुरुस्ती सॉफ्टवेअरमधून झाली. पांढरा आयफोन ४ तर थेट एप्रिल २०११ मध्ये आला. पांढऱ्या रंगाचं सेन्सरशी जमवणं हेही उशिराचं एक कारण ॲपलने दिलं होतं. पुढे २०१६ च्या शाओमी मी मिक्समध्ये वरची कडाच जवळजवळ उरली नाही, तेव्हा इन्फ्रारेडऐवजी अल्ट्रासाउंड वापरून काम भागवलं.

मी स्वतः रोज असेच आकडे कोडमध्ये टाकतो. टेबलावरच्या टेस्ट फोनवर चाललं की झालं, पुढचं तिकीट घ्या. तो आकडा म्हणजे कुणाच्या तरी गालाबद्दल, केसांबद्दल, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या काचेबद्दल केलेला अंदाज असतो, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. अंदाज चुकला तर आपल्याला बग रिपोर्ट येतो. आईला मात्र वाटतं, मुलाला बोलायचं नाहीये.

असो. ती काच काढली, सेन्सरची जागा मोकळी असलेली दुसरी लावली. सेटिंग्जमध्ये जाऊन पॉवर बटणाने कॉल बंद होईल असंही करून दिलं. बटण दाबलं की फोन ठेवला, अगदी जुन्या रिसीव्हरसारखं. आईला ते फार आवडलं.

परवा तिचा फोन आला. पन्नास मिनिटं. एकदाही कटला नाही. :-)