आवडता चित्रपट आणि पंधरावे वर्ष

गेल्या दिवाळीत गोंदियास एका स्नेह्यांच्या घरी चार दिवस राहण्याचा योग आम्हांस आला. भाऊबीज आटोपली होती, धानाची कापणी चालू होती आणि आसपासच्या गावांतून मंडईचे दिवस ठरत होते. रात्री जेवणे झाल्यावर ओसरीवर सगळे घर जमले असता कोणीतरी सहज विचारले, की आजवर पाहिलेल्या चित्रपटांत सर्वांत उत्तम कोणता? प्रश्न दिसावयास निरुपद्रवी होता. परंतु अर्ध्या तासाच्या आत त्या सुखी घरात त्याने जी खळबळ उडविली ती पाहून आम्ही चकित झालो.

वयोवृद्ध आबाजींनी क्षणाचाही विलंब न लावता 'श्यामची आई'चे नाव घेतले. आचार्य अत्र्यांचा हा चित्रपट १९५३ साली निघाला, आणि राष्ट्रपतींचे सुवर्णपदक प्रथम देण्यात आले ते १९५४ साली यासच, हे ते अशा अभिमानाने सांगत होते की जणू ते पदक घरच्याच कपाटात आहे. त्यांचे चिरंजीव, म्हणजे आमचे स्नेही, म्हणाले, "ते सारे खरे, पण 'शोले'सारखा चित्रपट पुन्हा झाला नाही आणि होणारही नाही." यावर आबाजींची नात, जी नुकतीच नागपुरास आपले शिक्षण पुरे करून आली आहे, तिने 'सैराट'चा पक्ष घेतला. आजी तेवढ्या तटस्थ राहिल्या. "तुमचे सिनेमे तुम्हीच पाहा, आम्हाला मंडईचे नाटक बरे," असे म्हणून त्यांनी अडकित्ता हाती घेतला.

वादाचे पुढे काय होते हे वाचकांच्या अनुभवाचेच आहे. आजच्या चित्रांत संस्कार नाहीत, असे आबाजी म्हणाले. जुन्या चित्रांत रडण्यावाचून दुसरे आहे काय, असे स्नेही म्हणाले. शेवटी नात बोलून गेली, "आबाजी, तुम्ही सिनेमाची स्तुती करता की आपल्या लहानपणाची?" आबाजींनी उत्तर दिले नाही. ते उठले, काठी घेतली आणि आत निघून गेले. मुलीचे तोंड उतरले; ओसरीवर कोणी बोलेना. नातीचा प्रश्न उद्धटपणाचा खरा, तथापि खोटा मुळीच नव्हता, आणि त्यामुळेच तो लागला असावा.

अंथरुणावर पडल्यावर आम्ही सहज हिशेब करून पाहिला. आबाजींचा जन्म १९३८ चा. 'श्यामची आई' त्यांनी पाहिला तो वयाच्या सोळाव्या वर्षी. आमचे स्नेही १९६० साली जन्मले. १५ ऑगस्ट १९७५ रोजी 'शोले' मुंबईत प्रकाशित झाला तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. नातीचा जन्म २००२ चा; २९ एप्रिल २०१६ रोजी नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला तेव्हा तिला चौदावे वर्ष होते. तिघे तीन काळांतील, तिघांची मते परस्परविरुद्ध, आणि तिघांचे उत्तर एका अर्थाने एकच! ज्या वयात मिसरूड फुटते किंवा मन प्रथमच स्वतःशी बोलू लागते, त्या वयात जो पडदा समोर आला तो प्रत्येकाने जन्मभराचा मानला.

हा योगायोग नव्हे. १९८९ साली होलब्रूक व शिंडलर या दोन अमेरिकन संशोधकांनी निरनिराळ्या वयांच्या लोकांस निरनिराळ्या काळांतील लोकप्रिय गाणी ऐकवून त्यांची आवड विचारली. तेव्हा आपण चोविशीच्या आसपास असताना गाजलेली गाणी लोकांस सर्वांत गोड वाटतात, असे आढळले. मानसशास्त्रज्ञही सांगतात की, उतारवयात माणसास ज्या आठवणी भरभरून येतात त्यांतील पुष्कळशा दहा ते तीस या वयातील असतात. या हुरहुरीस आपण आज 'स्मरणरंजन' असे गोड नाव दिले आहे. परंतु तिचे पाश्चात्त्य नाव 'नॉस्टॅल्जिया' हे १६८८ साली योहानेस होफर या स्विस वैद्यकविद्यार्थ्याने एका रोगास दिले होते. परमुलखात गेलेले लोक घरच्या ओढीने झुरतात, तो हा रोग. म्हणजे मूळ दुखणे स्थळाच्या वियोगाचे होते. काळाच्या वियोगास ते नाव पुढे लागले. स्थळाकडे परत जाता येते, काळाकडे जाता येत नाही. तेव्हा दुसरे दुखणे अधिक असाध्य, हे उघड आहे.

तथापि केवळ वयावर सारा भार घालणे बरोबर होणार नाही. चित्रपट कोठे व कशा रीतीने आपल्यापर्यंत आला, यावरही आवड ठरते. आबाजी सोळा वर्षांचे होते तेव्हा गोंदिया महाराष्ट्रात नव्हते. नागपूर ज्याची राजधानी होती त्या तेव्हाच्या मध्य प्रदेशातील भंडारा जिल्ह्याचे ते एक गाव होते. १९५६ साली ते द्विभाषिक मुंबई राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्रात आले, आणि १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. चित्रपटाच्या व्यापाराने मात्र यांपैकी एकाही बदलाची फारशी दखल घेतली नाही. या मुलखास तो आजही 'सी. पी. बेरार' म्हणतो, म्हणजे जो प्रांत १९५० सालीच नकाशावरून गेला, तो वितरकांच्या वह्यांत अद्यापि नांदत आहे. स्मरणरंजन करणारे केवळ म्हातारेच असतात असे नव्हे.

त्या काळी रिळांचे पत्र्याचे डबे आधी मोठ्या शहरांतून फिरत, मग लहान शहरांत येत, आणि पुरेसे ओरखडे पडल्यावर खेड्यांतील तंबूंच्या वाट्यास जात. हावडा-मुंबई लोहमार्गावरचे मोठे जंक्शन असूनही गोंदियाचा क्रम या पंगतीत मागेच होता. 'सैराट'च्या काळापर्यंत उपग्रहाद्वारे चित्रे पाठविण्याची सोय झाली होती, आणि पुण्याचा व गोंदियाचा प्रेक्षक एकाच दिवशी चित्र पाहू लागला होता. त्यात पडद्यावरची भाषाही बदलली. धानाच्या बांध्यांत वाढलेल्या, 'ण'च्या जागी 'न' म्हणणाऱ्या झाडीबोलीच्या मुलाने 'श्यामची आई'त जे कोकण पाहिले ते त्याने कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते. तरी आज त्याच कोकणासाठी त्याचा जीव कासावीस होतो. उलट 'सैराट'मधील करमाळ्याकडची बोली नातीचीही नव्हे. परंतु पुस्तकी नसलेली मराठी पडद्यावर मान वर करून बोलते, एवढ्यानेच तिला ती आपली वाटली.

तर मग आवड ही निव्वळ वयाची व परिस्थितीची दासी समजावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. 'साइट अँड साउंड' हे इंग्रजी मासिक १९५२ सालापासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांस सर्वश्रेष्ठ चित्रपट विचारीत आले आहे. पहिल्या वेळी मान मिळाला तो अवघ्या चार वर्षांपूर्वीच्या 'बायसिकल थीव्ह्ज' या इटालियन चित्रास. १९६२ ते २००२ असे पाच वेळा 'सिटिझन केन' अग्रस्थानी राहिला. २०१२ साली 'व्हर्टिगो' वर आला, आणि २०२२ साली शांताल आकेरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेच्या १९७५ सालच्या 'जान दीलमान' या चित्राने सर्वांस मागे टाकले. यांतील 'व्हर्टिगो'चे १९५८ साली कौतुक थोडेच झाले होते, आणि २०२२ साली मते देणाऱ्यांपैकी अनेकांचा 'जान दीलमान' निघाला त्या वेळी जन्मही झाला नसेल. तेव्हा यास स्मरणरंजन म्हणता येणार नाही. नव्या डोळ्यांनी जुने चित्र पुन्हा पाहिले आणि निर्णय फिरविला, असेच म्हणावे लागेल.

यातच आमच्या मते मुख्य मुद्दा आहे. स्मृती ही साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. साक्षीदार प्रामाणिक असला तरी त्यास पक्षपात असतो. म्हणून वस्तू पुन्हा समोर आणून तपासावी लागते. 'संत तुकाराम'ची थोरवी आम्ही वडिलांच्या तोंडून ऐकली. परंतु 'प्रभात'चा हा १९३६ सालचा चित्रपट सुदैवाने उपलब्ध असल्यामुळे विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम आजच्या मुलासही पाहता येतो, आणि वडिलांची साक्ष खरी की अतिशयोक्त हे त्याला स्वतः ठरविता येते. उलट बाबूराव पेंटरांचा १९२५ सालचा 'सावकारी पाश' घ्या. ज्यात तरुण शांतारामांनी शेतकऱ्याचे काम केले, ज्यास हिंदी वास्तववादी चित्रपटांचा आद्य मानतात, तो मूकपट आज कोणास पाहता येत नाही. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला आपला पहिला बोलपट 'आलम आरा' याचीही प्रत उरलेली नाही. ही चित्रे चांगली होती की वाईट हा वाद आता होऊच शकत नाही. कारण साक्षीदार गेले आणि वस्तूही गेली.

गेली कशी? जुन्या रिळांचे द्रव्य नायट्रेटचे, ठिणगीसरशी पेटणारे. त्यांतील चांदी काढून घेण्यासाठी कित्येक रिळे विकली गेली. कित्येक दमट खोल्यांत कुजून गेली. पुण्यास १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून दादासाहेब फाळक्यांच्या चित्रांचे तुकडेसुद्धा जमविले. त्यानंतरही ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात पूर्वीच्या 'प्रभात'च्या आवारातील कोठारास आग लागून नायट्रेटच्या जुन्या रिळांचा मोठा साठा भस्म झाला. ज्या पिढ्यांनी या चित्रांवर जीव ओवाळला, त्यांनी त्यांचे डबे जपण्याची काळजी वाहिली नाही, हे कटू वाटले तरी बोलले पाहिजे. जुन्याचे गोडवे गाणे आणि जुने जपणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीस फक्त मन लागते, दुसरीस श्रम व पैसा लागतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नातीने न बोलता प्रायश्चित्त केले. तिने घरच्या दूरचित्रवाणीवर 'श्यामची आई' लावला आणि आबाजींस हात धरून आणून बसविले. घरातील सर्वांनी, 'शोले'च्या भक्तांसुद्धा, तो पाहिला. वनमालाबाईंचे काम पाहताना नातीने दोनदा डोळे पुसले, हे आम्ही पाहिले. चित्र संपल्यावर मात्र आबाजी जरा गोंधळल्यासारखे दिसले. "एवढ्यात झाला?" ते म्हणाले. "आम्ही पाहिला तेव्हा तर मध्यरात्र उलटली होती."

मग उलगडा झाला. आमगावजवळच्या त्यांच्या गावी मंडईच्या वेळी तंबू लागला होता. यंत्र एकच असल्यामुळे प्रत्येक रीळ संपले की दिवा लागे, आणि दुसरे रीळ चढेपर्यंत लोक बसून राहत. आबाजींच्या आईस पुस्तकी मराठी नीट उमगत नसे. त्या मधल्या वेळात ती विचारी, 'काय म्हणाला रे तो?' आणि सोळा वर्षांचा मुलगा आपल्या झाडीबोलीत तिला सारी गोष्ट समजावून सांगे.

"ते थांबणे यात नाही," आबाजी म्हणाले. पुढे ते काही बोलले नाहीत. नात त्यांच्या शेजारी सरकून बसली आणि म्हणाली, "मग ती गोष्ट मला सांगा, आबाजी. तुम्ही तिला सांगितली तशीच सांगा."

आबाजींनी घसा साफ केला. आजींनी दूरचित्रवाणी बंद केली. वादाचा निकाल त्या रात्री लागला नाही. तो लागावा अशी इच्छाही मग कोणास राहिली नाही.